उतारा

“दीदी! अगं ए दीदी! ही मेलीसुद्धा फुटली!”

चाळीस वर्षं झाली. अजूनही भाकरीवरनं पाण्याचा हात फिरवला की तो आवाज घराखालून वर येतो. घराखालून म्हणजे खरोखरच घराखालून. गयानाच्या समुद्रकाठी घरं लाकडी खांबांवर उभी असतात. वर माणसं झोपतात. खाली, खांबांच्या सावलीत, चूल असते, आडवं पडायला झोळी टांगलेली असते, कोंबड्या फिरत असतात आणि दिवसभराचा सगळा संसार तिथंच चालतो. आमच्या शेजारच्या घराखाली सुमिंत्राची चूल होती. सुमित्राच ती. तिचे पणजोबा बोटीतनं सातासमुद्रांपलीकडं ऊस तोडायला आले, तेव्हा वाटेत नावंही जराशी भिजली असावीत.

मी जिन्यावरनं वाकून पाहिलं. ती चुलीपुढं उभी होती, केसांवर पांढरं पीठ, आणि पायांशी भाकरीचे तुकडे. कोंबड्यांची चंगळ चालली होती.

“तव्यावरनं तर अख्खी उतरली होती ना? मी वरनं बघितली.”

“अख्खी होती. पुनवेच्या चांदासारखी होती!”

“मग?”

“मग काय, रोज करते तेच केलं. उडवली आणि टाळी दिली.”

मला हसू आवरेना. त्यांची रोटी गव्हाची, तेल लावून घड्या घातलेली. ती तव्यावरनं उतरली की हवेत उडवायची आणि दोन्ही तळव्यांत टाळी देऊन तिचे पदर सुटे करायचे. जन्मभर तिचे हात तेच शिकले होते. तांदळाच्या भाकरीलाही तिनं टाळी दिली होती.

“अगं, हिला आधी थापायचं. भाजल्यावर हात नाही लावायचा.”

“मग भाजल्यावर करायचं काय?”

“काही नाही. नुसती बघायची.”

“नुसती बघायची!” तिनं कमरेवर हात ठेवले. “तुमच्या देशात बायकांना वेळ बराच दिसतो.”

ती बोलायची तिथल्या इंग्रजीत. मध्येच पणजीच्या भोजपुरीतले शब्द लागायचे, भातात खडा लागावा तसे. मला मात्र ते सगळं मराठीतच आठवतं, म्हणून मराठीतच सांगते.

हे तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. कोल्हापूरकडच्या कारखान्यातली नोकरी सोडून दोन वर्षांच्या करारावर आम्ही गेलो होतो. गावाकडं दोन धाकट्या दिरांची शिक्षणं ह्यांच्या पगारावर चालली होती. आम्ही पोचलो ते दिवसच ओढगस्तीचे. बाहेरचा माल आणायला सरकारजवळ परकीय चलन नव्हतं, म्हणून गव्हाच्या पिठाची आयात बंद झाली होती. नदीपलीकडच्या देशातनं चोरून पीठ यायचं, पण सापडलं तर तुरुंग. कारखान्याचे पट्टे तुटले तर जुनेच शिवून घालायचे. समुद्राचं पाणी अडवणारी कालव्यांची दारं गंजली होती आणि खारं पाणी उसात शिरत होतं. सहा दिवस चालणारा कारखाना तीन दिवसांवर आला होता.

सुमिंत्राचा नवरा हरिलाल ऊसतोडीला जायचा. आठवड्यात तीन दिवस काम, चार दिवस झोळीत. तीन पोरं. आजवर घर तगलं होतं ते सुमिंत्राच्या टोपलीवर. रोज सकाळी कारखान्याच्या फाटकाशी बसून ती तोडकऱ्यांना आलूची भाजी आणि रोटी विकायची. पीठ बंद झालं आणि टोपली खांबाला उलटी टांगली गेली. उरली एक गाय, सुगनी. तिचं दूध पोरांना पुरून गल्लीतल्या चार घरांना जायचं. तेवढ्यावर ते पाच जीव उभे होते.

तांदूळ मात्र त्या देशात भरपूर. पण तांदळाचं पीठ ती गार पाण्यात भिजवायची, लाटायला जायची, आणि लाटण्याखाली त्याच्या भेगा भेगा व्हायच्या. माझ्या माहेरी आई तांदळाची उकड काढून भाकरी करायची. एवढीशी गोष्ट. मला वाटलं, हे तर आपण देऊ शकतो.

कढत पाण्याचं तिच्या डोक्यात राहीना, तेव्हा मी तिला अर्थ सांगून ओवीच लावून दिली.

तांदळाचं पीठ बाई, गार पाण्याला रुसतं
कढत पाणी घाल, मग हाताला बसतं

तिनं दोनदा म्हणून पाहिली. “रुसता, बसता,” करत ती थापायला लागली. तिचा हात मुळातच टाळीचा. थाप बघता बघता लागली. फक्त माझी भाकरी परातीत गरगर फिरायची, तिची नाचायची. चौथ्या दिवशी एकही फुटली नाही. आठव्या दिवशी टोपली खांबावरनं उतरली.

फाटकाशी पहिल्या दिवशी तोडकरी हसले म्हणे. “ही काय कागदाची रोटी?” पण चारला उठून ऊस तोडायला जाणारा माणूस किती वेळ हसणार? दुपारपर्यंत टोपली रिकामी. आम्ही कोल्हापूरचे, पण तिथं सगळा हिंदुस्तान म्हणजे मुंबई. भाकरीचं नाव पडलं ‘बंबई रोटी’. हरिलाल मला हाक मारून म्हणाला, “दीदी, माझी बायको झोपेतसुद्धा थापते. काल माझ्या पाठीवर चार थापल्या!”

“पाण्याचा हात फिरवला नाही ना?” मी विचारलं.

“तेवढंच राहिलं!” सुमिंत्रा खालनं ओरडली.

तेव्हा मला इतकं बरं वाटायचं. परमुलखात माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटणं म्हणजे अर्धं घर मिळण्यासारखं असतं.

मग ती संध्याकाळ आली. हे कारखान्यातनं आले, कागद टेबलावर टाकले, बूटही काढले नाहीत.

“पाच पूर्णांक आठ,” हे म्हणाले.

“काय?”

“उतारा. शंभर किलो ऊस गाळायचा आणि सहा किलोसुद्धा साखर नाही. पाच पूर्णांक आठ! आपल्याकडं अकरा पडतो, साडेअकरा पडतो. उतारा असा असल्यावर कारखाना चालवायचा कशाला?”

ह्यांचा आवाज मुळात मोठा. त्यात उसाच्या बाबतीत चीड. कारखान्याच्या मुख्य कचेरीनं ह्यांच्याकडनं अहवाल मागवला होता. हे सांगतील त्यावर ठरणार होतं.

“मग काय लिहिणार?”

“जे आहे तेच. मी कागद पाठवला की हा शेवटचा हंगाम. पुढच्या वर्षी बॉयलर पेटायचा नाही.”

खाली सुमिंत्रा भांडी घासत होती. गुणगुणत होती. मी खिडकी ओढून घेतली.

“जरा वाढवून लिहा की,” मी म्हटलं.

“आणि साखर कुठनं आणू? तुझ्या डब्यातनं?” हे हसले नाहीत. “नलू, कुणापुढं एक अक्षर बोलायचं नाही. कळलं तर तोडकरी आज कोयते टाकतील, उभा ऊस वाळून जाईल, आणि आपल्याला पहिल्या विमानात बसवतील. तिकडं दोघांच्या फिया कोण भरणार?”

ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ह्यांच्याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून सांगते. त्या दिवसापासून हे रोज फाटकाशी सुमिंत्राकडनं दोन भाकऱ्या घ्यायचे. डब्यात माझ्या भाकऱ्या असायच्याच. तरी घ्यायचे, आणि उभ्यानं खायचे.

पुढचे काही दिवस घरात तोच शब्द. उतारा सहावर गेला, उतारा परत उतरला. एका सकाळी कपडे वाळत घालताना सुमिंत्रानं मला विचारलं, “दीदी, तुझा नवरा रोज एक शब्द ओरडतो. उत्तारा, उत्तारा. कुणी देव आहे का?”

माझ्या हातात ओलं लुगडं होतं. ते पिळायच्या निमित्तानं मी खाली पाहिलं. आमच्या भाषेत त्या एका शब्दाला दोन घरं आहेत. एका घरात साखर राहते. मी तिला दुसऱ्या घराचा पत्ता दिला.

“अगं, कुणाला नजर लागली की भाकरी, दहीभात, लिंबू त्याच्यावरनं ओवाळतात आणि तिठ्यावर नेऊन ठेवतात. त्याला उतारा म्हणतात.”

“हां! आम्हीपण ओवाळतो. मिरच्या आणि मीठ.” तिचे डोळे मोठे झाले. “म्हणजे कारखान्याला नजर लागलीय! म्हणूनच तो तीन दिवसांवर आलाय! एवढा शिकलेला माणूस, रोज तेच सांगतोय आणि साहेब लोक ऐकत नाहीत, होय ना?”

मी लुगडं झटकलं. त्याचा मोठा आवाज झाला. तिनं तो होकार धरला.

दोन दिवसांनी हरिलाल पोट धरून हसत आला. “दीदी, तुझ्या बहिणीनं काय केलं ठाऊक आहे? पहाटेच्या भोंग्याआधी ताटात तुझी ती बंबई रोटी, दही, लिंबू, लाल मिरच्या घेतल्या आणि निघाली. पण एवढ्या उंच धुराड्यावरनं ओवाळणार कसं? हात कुठं पोचतोय? मग बाईसाहेबांनी कारखान्याच्या कुंपणालाच फेरे घातले. तीन!”

“आणि बाकीच्या हसत होत्या का?” मागनं येऊन सुमिंत्रानं त्याला दटावलं. “सांग ना खरं.”

त्यानं हसू आवरलं. “नाही. पहिल्या फेऱ्याला एकटीच होती. तिसऱ्या फेऱ्याला मागं तीसेक बायका होत्या. पलीकडच्या आफ्रिकी वस्तीतल्या काळ्यांच्या बायकापण. पहारेकऱ्यानं टोपी काढली.”

पुढं जे झालं ते व्हायला नको होतं. पुढच्याच सोमवारपासून कारखाना सहा दिवस चालायला लागला.

सगळी वस्ती उजळली. कालव्यांतनं उसानं भरलेल्या लोखंडी होड्यांची रांग हलायला लागली, जाळलेल्या पाचटाची काळी राख पुन्हा रोज वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायला लागली, आणि बायका कपडे दुसऱ्यांदा धुतानासुद्धा गात होत्या. सुमिंत्रा धावत जिना चढून वर आली आणि तिनं मला मिठीच मारली. राखेचा वास, दह्याचा वास.

“उतरली गं नजर! दीदी, उतरली!”

कारखाना सहा दिवस का चालतो, ते मला ह्यांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं. ह्यांचा कागद पोचला होता. बंद करायच्या आधी उभा ऊस लवकर गाळून संपवायचा हुकूम आला होता.

तिचे हात माझ्या पाठीवर होते आणि मी तिच्या खांद्यावरनं खाली सुगनीकडं बघत राहिले. गाय शांतपणे रवंथ करत होती.

शनिवारी हरिलालनं एक फळी आणून दाखवली. तिच्यावर निळ्या रंगात मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘बंबई रोटी’ लिहिलं होतं. सुमिंत्राला फाटकाशी पक्कं दुकान घालायचं होतं. चार खांब, वर पत्रा, पुढं बाक. उन्हापावसात टोपली घेऊन किती दिवस बसायचं? लाकडाच्या वखारीतला जोसेफ फळ्या आणि पत्रे द्यायला तयार होता. त्याच्या बायकोला नुकतं बाळ झालेलं, पण अंगावर दूध नव्हतं. त्याला गाय हवी होती.

“सुगनी?” मी विचारलं.

“उद्या सकाळी येईल तो,” सुमिंत्रा म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. “चांगलं घर आहे. बाळाला दूध मिळेल.”

“मी हिला सांगतोय,” हरिलाल म्हणाला, “गाय आहे तोवर सकाळी पोरांच्या पेल्यात काहीतरी पडतं. फळ्यांना पिळून काय निघणार?”

“फळ्यांवर बसून मी दिवसाला शंभर भाकऱ्या थापीन. कारखाना आता सहा दिवस चालतोय. दिसत नाही का तुला?”

तो माझ्याकडं वळला. हसरा माणूस, पण तेव्हा हसला नाही. “दीदी, तूच सांग. तुझा नवरा आत बसतो, त्याला सगळं कळतं. देऊ का गाय?”

“हे... कारखान्याचं घरी काही बोलत नाहीत,” मी म्हटलं.

“बोलत नाहीत कसे? उत्तारा, उत्तारा!” सुमिंत्रानं ह्यांच्या आवाजाची नक्कल केली आणि दोघंही हसली. मीपण हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. उताऱ्याचं खोटं सांगितलं तेसुद्धा. हे बराच वेळ चष्म्याच्या काचा पुसत बसले.

“मी तुला सांगायलाच नको होतं,” हे म्हणाले.

“पण सांगितलंत. आणि भाकरी मी शिकवली. मी शिकवली नसती तर ती फाटकाशी दुकान घालायला निघाली असती का? गाय तरी राहिली असती.”

“नलू...”

“मी उद्या बोलू का तिच्याशी?”

ह्यांनी चष्मा घातला. मग परत काढला. “मला विचारलंस तर मी ‘नको’च म्हणणार. मला तेच म्हणावं लागतं. म्हणून विचारू नकोस.”

रविवारी सकाळी जोसेफ ट्रॅक्टर घेऊन आला. मागच्या ट्रॉलीत नव्या फळ्या, त्यांचा ओला लाकडी वास जिन्यापर्यंत येत होता. उंच, काळाभोर, अवघडलेला माणूस. दुसऱ्याची गाय न्यायला आल्याचा संकोच त्याच्या खांद्यांत दिसत होता. त्यानं आधी पोरांना पेरू वाटले. मग हरिलाल आणि तो एकेक फळी उतरवायला लागले.

सुमिंत्रानं सुगनीला धुतलं होतं. कपाळाला शेंदूर लावला होता. ती गायीच्या कानाशी काहीतरी बोलत होती, आणि धाकटी पोरगी गायीच्या पायाला मिठी मारून बसली होती.

शेवटची फळी उतरली. जोसेफनं हात पँटला पुसले आणि पुढं केला. सुमिंत्रानं दावं खुंट्याचं सोडलं, एकदा आपल्या मनगटाला गुंडाळलं, आणि मग सोडवून त्याच्या हातात दिलं.

मी जिन्यात उभी होते. वर, खिडकीत, हे उभे असणार हे मला न बघता कळत होतं. वरनं ‘नको’ आलं नाही. पायऱ्या किती होत्या आठवत नाही. मी अंगणात पोचले तेव्हा मला धाप लागली होती, आणि तोंडातनं निघालं ते सगळं मराठीत.

“देऊ नकोस गं तिला! कारखाना बंद होणाराय! मला ठाऊक होतं, सगळं ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले!”

सगळे माझ्याकडं बघत राहिले. जोसेफनं आदरानं मान खाली घातली. हरिलालनं भुवया उंचावल्या. त्यांना एक अक्षर समजलं नव्हतं.

सुमिंत्राच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ती पुढं आली, तिनं माझे दोन्ही हात धरले. “बघ हरि,” ती म्हणाली, “दीदीनं सुगनीला तिच्या भाषेत आशीर्वाद दिला. हिच्यासारखी बहीण मिळायला नशीब लागतं.”

मी बोलले होते. देवापुढं सांगायला माझ्याकडं तेवढं होतं. मान हलवायची, गायीच्या पाठीवरनं हात फिरवायचा, आणि वर निघून जायचं. कुणालाही काही कळलं नसतं. दोन महिन्यांनी हंगाम संपून आम्ही विमानात असतो. सुमिंत्राचे तळवे माझ्या तळव्यांवर होते, उकडीच्या वाफेनं पोळून गुळगुळीत झालेले. ते मीच तसे केले होते.

जोसेफनं गायीला हलकेच ओढलं. सुगनीनं एक पाऊल टाकलं.

मी हात सोडवून घेतले, जोसेफच्या हातातलं दावं धरलं, आणि या वेळी तिला समजेल अशा तिच्या बोलीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले.

“तो आशीर्वाद नव्हता, सुमिंत्रा. गाय देऊ नकोस. उतारा म्हणजे नजर नाही. मी तुला खोटं सांगितलं. उतारा म्हणजे उसातली साखर, आणि इथल्या उसात ती राहिलेली नाही. हा ऊस संपला की कारखाना बंद होणार आहे, कायमचा. तसा कागद वर गेलाय. तो माझ्याच नवऱ्यानं लिहिलाय, आणि तो लिहीत होता तेव्हा तू खाली भांडी घासत होतीस आणि मी खिडकी लावून घेतली.”